बॅकप्लेट-विंगसाठी रेग्युलेटर सेट: आधी होजचे रस्ते ठरवा, ब्रँड नंतर

स्कुबा डायव्हिंगचा पहिला कोर्स, ओपन वॉटर, झाला, भाड्याच्या जॅकेट बीसीडीत (पाण्यात तरंग सांभाळायला हवा भरायचं जॅकेट) थोडे डाइव्ह झाले, आणि मग बोटीवर कुणाच्या तरी पाठीवर ती साधी स्टीलची प्लेट, एक सलग पट्टा आणि मागे लहानशी विंग (हवा भरायची पिशवी) दिसली की मन तिथेच अडकतं, हे बऱ्याच जणांचं होतं. प्लेट आणि विंगची चौकशी लोक भरपूर करतात, पण रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारा संच, मात्र दुकानात जो तयार सेट असतो तोच उचलतात, आणि मग पाण्यात गेल्यावर होजच्या मोठ्या कमानी दोन्ही खांद्यांवर, पिवळा ऑक्टो (दुसऱ्याला द्यायचा जादा रेग्युलेटर) पोटाखाली लोंबतोय, कन्सोल (गेजांची डबी) वाळू खरवडतोय असं सगळं दिसतं. रेग्युलेटर वाईट नसतो हो, तो जॅकेटसाठी बांधलेला असतो. तयार सेटमध्ये साधारण ७५ सेंमीचा प्रायमरी होज (तोंडातल्या रेग्युलेटरचा), मीटरभर लांबीचा ऑक्टोचा होज आणि ८०-९० सेंमीचा गेजचा होज येतो, कारण जॅकेटला खिसे असतात, क्लिपा असतात, ऑक्टो खोचायला जागा असते. प्लेटच्या हार्नेसला छातीवर दोन डी-रिंग आणि डाव्या कमरेला एक, एवढंच. खोचायला जागाच नाही, म्हणून प्रत्येक होज जिथून निघतो तिथून जिथे पोचायचाय तिथपर्यंत अंगाला लागून जायला हवा.

त्यामुळे माझं सांगणं एकच, खरेदीची सुरुवात फर्स्ट स्टेजच्या (टाकीवर बसणारा, दाब कमी करणारा भाग) फोटोंपासून करू नका, होजच्या रस्त्यांपासून करा. आणि त्याच्याही आधी एक प्रश्न आहे.

हवा संपलेल्या माणसाला तुम्ही काय देणार?

नवख्यांच्या बहुतेक कोर्समध्ये ऑक्टो द्यायला शिकवतात. बॅकप्लेटवाल्यांच्यात बहुतेकांची पद्धत उलटी, तोंडात जो आहे तोच काढून समोरच्याला द्यायचा आणि आपण गळ्यात अडकवलेला दुसरा घ्यायचा. कारण सोपं आहे, तोंडातला रेग्युलेटर या क्षणी चालतोय आणि त्यातून येणारा गॅस श्वास घेण्याजोगा आहे हे आपल्याला पक्कं माहीत असतं, ऑक्टोबद्दल तसं सांगता येत नाही, त्यात वाळू असेल, तो कुठेतरी अडकला असेल. शिवाय घाबरलेला माणूस हात घालतो तो समोर दिसणाऱ्या, बुडबुडे येणाऱ्या रेग्युलेटरलाच. मग जो तो हिसकावणारच आहे तोच द्यायचा म्हणून सेट बांधला तर काय बिघडलं?

ही पद्धत फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांमधून आली. तिथल्या डायव्हर्सनी नको असलेली प्रत्येक वस्तू काढून टाकत टाकत हा साधा सेट घडवला, त्याला विल्यम होगार्थ मेन यांच्या नावावरून होगार्थियन म्हणतात, पुढे वुडव्हिल कार्स्ट प्लेन प्रोजेक्ट या तिथल्या गुहा शोधणाऱ्या गटाच्या लोकांनी आणि नंतर जीयूई या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेने तो जगभर नेला. ७ फुटी होज तिथलाच, कारण अरुंद बोळातून एकामागे एक पोहत बाहेर यायचं असेल तर दोघांमध्ये तेवढी लांबी लागते. आपण नेत्राणीला (कर्नाटकातलं बेट) किंवा हॅवलॉकला (अंदमानातलं, आता स्वराज द्वीप) उघड्या पाण्यात १५-२० मीटरवर असतो, गुहेत नाही, पण लांब होजचा फायदा उघड्या पाण्यातही आहे: दोघं एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून न लटकता आरामात शेजारी शेजारी पोहत वर येऊ शकता, अँकरच्या दोरापर्यंत जाऊ शकता.

यात तीन पर्याय आहेत.

पहिला ७ फुटी, म्हणजे साधारण २१० सेंमी. हा फर्स्ट स्टेजवरून उजव्या बाजूने विंगच्या मागून खाली कमरेपर्यंत येतो, तिथे टॉर्चच्या बॅटरीच्या डब्याखालून वळतो, मग छातीवरून तिरपा डाव्या खांद्याकडे, मानेमागून फिरून उजव्या बाजूने तोंडात. कमरेला डबा नसेल तर जास्तीची लांबी कमरपट्ट्यात खोचावी लागते, नाहीतर सुरीच्या म्यानाखालून घ्यावी लागते. टेक्निकल डायव्हिंगकडे जायचं पक्कं असेल तर सुरुवातीपासून हाच घ्या.

दुसरा ५ फुटी, १५० सेंमी. हा उजव्या काखेखालून येऊन छातीवरून तिरपा जातो आणि मानेमागून तोंडात, कमरेला काही खोचायला लागत नाही. एकाच टाकीवर, उघड्या पाण्यात डाइव्ह करणाऱ्यांना मी हाच सुचवेन, आणि उंची पाच फूट, सव्वापाच फूट असेल तर नक्कीच, कारण बुटक्या धडावर ७ फुटीचा झोळ पडतो. उलट उंची सहा फुटाच्या जवळ आणि छाती रुंद असेल तर ५ फुटी मानेवर ताणतो, मान वळवली की माउथपीस ओढतो, तेव्हा अंगावर लावून बघितल्याशिवाय घेऊ नका.

तिसरा ४० इंची, म्हणजे मीटरभर, उजव्या काखेखालून सरळ तोंडात. याला सेकंड स्टेजपाशी (तोंडात धरायचा भाग) कोनातला फिरता जोड लावावा लागतो, नाहीतर होज तोंडाला वाकडा ओढतो. हा दिसायला सगळ्यात आटोपशीर, मानेभोवती काही नको असणाऱ्यांना आवडतो. पण फिरत्या जोडात जास्तीचे ओ-रिंग आले, म्हणजे गळायची जागा एकाने वाढली, आणि हवा देताना लांबी मीटरभरच मिळते. वाईट नाही, मात्र दोघांनी जवळ राहायची सवय हवी.

तिन्हींमध्ये दुसरा रेग्युलेटर, म्हणजे बॅकअप, गळ्यात बंजीच्या (ताणणाऱ्या दोरीच्या) माळेत हनुवटीखाली. त्याचा होज ५५ ते ६० सेंमी, उजव्या खांद्यावरून.

आता काम करा. सुतळी घ्या, प्लेट-हार्नेस अंगावर चढवा, जमलं तर टाकी लावून, आणि जोडीदाराला सांगा की टाकीच्या वॉल्व्हपाशी सुतळीचं एक टोक धर. मग वर सांगितलेल्या रस्त्याने सुतळी फिरवून तोंडापर्यंत आणा, डोकं डावीकडे उजवीकडे पूर्ण वळवा, वर बघा, आणि ताण येणार नाही इतकी सुतळी सोडून खूण करा. प्रत्येक होजचं असंच करा. पाच मिनिटांचं काम, पण चुकीच्या लांबीचे होज परदेशातून मागवून परत पाठवत बसण्यापेक्षा बरं.

उरलेले दोन होज

विंगमध्ये हवा भरायचा इन्फ्लेटर होज डाव्या खांद्यावरून, विंगच्या जाड नळीला चिकटून. एका टाकीच्या विंगला ही नळी जॅकेटच्या मानाने आखूड असते, म्हणून तिथे ५५-६० सेंमीचा होज बऱ्याच जणांना पुरतो. सेटमधला मूळ होज लावलात तर खांद्यावर कमान उभी राहते आणि डोकं वळवताना कानाला लागते.

गेजचा होज ६० सेंमी, डाव्या बाजूने सरळ खाली डाव्या कमरेच्या डी-रिंगला. उंच माणसाला ७० लागेल. यावर एक साधा एसपीजी, म्हणजे टाकीतला दाब दाखवणारा गेज, पितळी बॉडीचा आणि काचेचा, बस. कन्सोल नको. खोली आणि वेळ मनगटावरच्या कॉम्प्युटरवर, कंपास दुसऱ्या मनगटावर, आणि कमरेला फक्त बार किती उरलेत ते सांगणारा एक काटा. बघायचं असेल तेव्हा डाव्या हाताने बोल्ट स्नॅप (अडकवायची क्लिप) काढायचा, वाचायचं, परत अडकवायचं. सुरुवातीला हे खटपटीचं वाटतं पण हाताला लवकर वळण लागतं.

ट्रान्समीटरबद्दल, म्हणजे टाकीचा दाब बिनतारी मनगटावरच्या कॉम्प्युटरला कळवणाऱ्या डबीबद्दल, लोक विचारतात. चालतो, सोयीचा आहे, पण पहिल्या सेटला मी काटाच ठेवायला सांगेन. ट्रान्समीटर घेतलाच तर बोटीवरच्या पोरांना सांगा की तो टाकी उचलायची मूठ नाही, कारण पोर्टमध्ये स्क्रू केलेली ती डबी बघितली की तिला धरूनच टाकी उचलावीशी वाटते.

ऑक्टो आणि इन्फ्लेटर एकत्र असलेला प्रकार मिळतो, एक होज कमी होतो म्हणून नवख्यांना तो फार मोहक वाटतो. माझं मत, बॅकप्लेटवर नको. हवा देऊन वर येताना तुम्ही त्याच वस्तूतून श्वास घेणार आणि त्याच वस्तूतून विंगमधली हवा सोडणार, नेमक्या अडचणीच्या वेळी एका हाताला दोन कामं.

आता फर्स्ट स्टेज, आणि बघायचं ते पोर्ट

रस्ते ठरले म्हणजे फर्स्ट स्टेजकडून काय हवंय ते आपोआप कळतं: उजव्या बाजूला दोन एलपी (कमी दाबाचे) पोर्ट, एक लांब होजला आणि एक बॅकअपला, डाव्या बाजूला एक एलपी इन्फ्लेटरला आणि एक एचपी (जास्त दाबाचा), खाली तोंड करून, गेजला. एवढं नीट मिळालं की ती फर्स्ट स्टेज तुमच्यासाठी चांगली. चार एलपी असले की एक बूच लावून शिल्लक राहतो, पुढे युरोपात किंवा इंग्लंडच्या थंड पाण्यात ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा सूट) घालायची वेळ आली तर तो कामी येतो.

घडण दोन तऱ्हेची, डायफ्राम आणि पिस्टन. काम दोघांचं तेच, टाकीतले २०० बार घ्यायचे आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९-१० बार जास्त इतक्या मधल्या दाबावर आणून सेकंड स्टेजला द्यायचे. डायफ्रामवाल्यात आतली यंत्रणा पाण्यापासून वेगळी ठेवता येते, सील केलेली असली की वाळू, मीठ, गाळ आत जात नाही, आणि थंड पाण्यात बर्फ धरायची भीती कमी. पिस्टनमध्ये भाग कमी आणि हवा धो धो, पण स्प्रिंगपाशी समुद्राचं पाणी खेळतं, म्हणून धुण्यात आळस चालत नाही. मालवणचं पाणी ऋतूप्रमाणे गढूळ, वाळू उठलेलं असतं, बोटीवर गोडं पाणी मिळेलच असं नाही, त्यामुळे आपल्या किनाऱ्यासाठी मी सील केलेला डायफ्राम आधी बघेन. कुणाला पिस्टन आवडत असेल तर त्यात चूक काही नाही, दोन्ही प्रकार जगभर दशकानुदशकं चालतायत.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे बॅलन्स्ड आहे की नाही. अनबॅलन्स्ड पिस्टनमध्ये टाकी रिकामी होत जाते तसा मधला दाबही घसरतो, एकट्याला टाकीत ५० बार उरलेले असतानाही उथळ पाण्यात ते फारसं जाणवणार नाही. पण हवा शेअर करायची वेळ कधी येते बघा: डाइव्हच्या शेवटी, टाकीत गॅस कमी, दोन माणसं एकाच फर्स्ट स्टेजवर, आणि दोघंही धापा टाकतायत. अख्खा सेट आपण याच प्रसंगासाठी बांधतोय, मग तिथे पैसे वाचवू नका, बॅलन्स्डच घ्या.

नावं सांगायची तर ॲपेक्सची डीएस४ आणि डीएसटी, स्कुबाप्रोची एमके१७ आणि एमके२५, ही बॅकप्लेटवाल्यांच्यात वर्षानुवर्षं दिसणारी नावं. डीएस४ ला एलपी चार पण एचपी एकच, म्हणून होज लावताना तो एचपी डाव्या बाजूला खाली येतोय ना ते टाकीवर चढवून बघा. डीएसटी आणि एमके२५ ला फिरता टरेट (पोर्ट असलेला गोल भाग) आणि टोकाला पाचवा एलपी पोर्ट असतो, टोक खाली करून बसवली की लांब होज तिथून सरळ खाली सोडता येतो, रस्ता फार सुरेख बसतो. पण म्हणून एका टाकीसाठी टरेट पाहिजेच असं नाही, आडवी बसणारी साधी फर्स्ट स्टेजही नीट जमते. टरेट उंच उभी राहून डोक्याच्या मागे लागत नाही ना, एवढं मात्र मान मागे टाकून तपासा.

खोक्यावर किंवा बॉडीवर ईएन २५० (रेग्युलेटरचं युरोपीय मानक) लिहिलेलं असतं, शेजारी १० अंशांपेक्षा जास्त अशी खूण असली तर तो १० अंश सेल्सिअसच्या खालच्या थंड पाण्यासाठी तपासलेला नाही. अरबी समुद्रात आणि अंदमानात त्याने काही अडत नाही. जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये राहून तिथल्या तलावात, खाणीत डाइव्ह करणाऱ्या आपल्या मंडळींनी मात्र ही खूण नाही ना हे बघूनच घ्यावा.

डिन की योक

डिन म्हणजे वॉल्व्हमध्ये स्क्रू करायचा, योक म्हणजे वरून पकडून मागचा नॉब आवळायचा. डिन आटोपशीर, ओ-रिंग आत बंदिस्त, मागे नॉब नाही त्यामुळे अडकायला काही नाही, बॅकप्लेटच्या विचारात तोच बसतो. पण टाकी तुमची नसते! मालवण, गोवा, नेत्राणी, अंदमान, बहुतेक ठिकाणी भाड्याला ॲल्युमिनियमची ८० क्युबिक फुटी टाकी, म्हणजे ११ लिटरची, आणि वर बऱ्याचदा योकचा वॉल्व्ह. काही वॉल्व्हमध्ये मध्ये एक इन्सर्ट असतो, तो ८ मिमीच्या ॲलन कीने काढला की आत डिनचे आटे मिळतात, पण सगळ्या टाक्यांना तो नसतो, आणि प्रत्येक बोटीवर दर डाइव्हला तो काढू देतीलच असंही नाही.

मग काय करायचं? रेग्युलेटर डिन घ्या, सोबत योकचा ॲडॉप्टर घ्या. दोन तऱ्हा असतात, एक डिनच्या चाकाच्या जागी कायमचा बसवायचा योक, दुसरा डिनवर वरून स्क्रू करायचा ॲडॉप्टर. वरून लावायचा सोयीचा, पण त्याने फर्स्ट स्टेज दोन-तीन सेंमी डोक्याकडे सरकते, मान मागे टाकून परत तपासा. आणि तुम्ही वर्षातून एकदाच आपल्याच किनाऱ्यावर डाइव्ह करणार असाल, परदेशाचा काही बेत नसेल, तर सरळ योक घ्यायला हरकत नाही, त्याने कुणी कमी प्रतीचा डायव्हर होत नाही. योकवाल्या टाकीचा ओ-रिंग बाहेर असतो, बोटीवर तोच फाटलेला निघतो, म्हणून ०१४ नंबरचे चार-सहा ओ-रिंग आणि डिनसाठी ११२ नंबरचे दोन-चार, एवढे डबीत असूद्या.

सेकंड स्टेज

इथे पटकन सांगते. दोन्ही एकाच मॉडेलचे घेतले तर उत्तम, सर्व्हिस किट एकच, भाग एकच, आणि जो रेग्युलेटर दुसऱ्याच्या तोंडात द्यायचा तो किंवा जो तुम्ही घ्यायचा तो, कोणताही वाईट नाही. ॲपेक्सचा एक्सटीएक्स५०, स्कुबाप्रोचा जी२६० हे धातू-प्लास्टिकचे मजबूत, पुढचं झाकण हाताने उघडून वाळू धुता येईल असे, म्हणून टेक्निकल डायव्हिंगवाल्यांना आवडतात. बजेट कमी पडत असेल तर बॅकअपला त्याच कंपनीचा एक पायरी साधा चालतो, फर्स्ट स्टेजवर मात्र वाचवू नका.

बॅकअप टेक्निशियनला सांगून किंचित कडक ट्यून करून घ्या, आणि व्हेंचुरीची (हवेचा झोत कमी-जास्त करायची) कळ असेल तर ती गळ्यात असताना प्री-डाइव्हवर ठेवा, नाहीतर उडी मारली की तो हनुवटीखाली धबधबा सुरू करतो. पिवळं कव्हर, पिवळा होज यांची गरज नाही, कारण कुणाला तो शोधायचा नाहीये, तोंडातला द्यायचा आहे.

होज रबरी की विणीचे

विणीचे होज हलके आणि लवचिक, प्रवासाला छान, पण लांब होज म्हणून ते पाण्यात थोडे तरंगतात, अंगाला चिकटून बसत नाहीत. काही विणीच्या होजमध्ये आतल्या पॉलीयुरेथेनच्या नळीत स्फटिक धरून हवेचा मार्ग अडल्याची प्रकरणं डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग सुरक्षा संस्थेने प्रसिद्ध केली आहेत, आणि उष्ण हवा हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. आपल्याकडची हवा, गाडीच्या डिकीत पडलेली बॅग हे सगळं धरता मी लांब होज रबरीच घ्या म्हणते. होजच्या दोन्ही टोकांना जी प्लास्टिकची टोपणं घालून देतात ना, ती काढून टाका किंवा निदान मागे सरकवून ठेवा, त्यांच्याखाली मीठ साचतं आणि रबराला पडलेली चीर दिसतच नाही.

जोडणी

होज बदलताना दाब पूर्ण सोडलेला हवा, पर्ज (सेकंड स्टेजचं पुढचं बटण) दाबून खात्री करा. एलपी आणि एचपीचे आटे आताच्या रेग्युलेटरवर वेगळ्या मापाचे असतात, ३/८ आणि ७/१६ इंच, त्यामुळे उलटसुलट लागत नाहीत. ओ-रिंग जागेवर आहे ना बघा, हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग पान्याने थोडासा आवळा. थोडासाच, पितळ मऊ असतं. हे कधी केलं नसेल तर पहिल्यांदा टेक्निशियनच्या शेजारी बसून करा, त्यालाही सांगा की मला शिकायचंय. सेकंड स्टेज किंवा फर्स्ट स्टेज मात्र स्वतः उघडू नका.

लांब होजच्या टोकाशी, सेकंड स्टेजच्या अगदी जवळ, एक स्टेनलेसचा बोल्ट स्नॅप बांधायचा, तोंडात नसेल तेव्हा छातीच्या उजव्या डी-रिंगला अडकवायला. दुसरा एसपीजीपाशी. दोन्ही नायलॉनच्या बारीक दोऱ्याने बांधायचे, केव्ह लाइन मिळाली तर तीच, होजभोवती दोन-तीन वेढे घेऊन पक्की गाठ आणि टोकं लायटरने जरा वितळवून. धातूची कडी किंवा की-रिंग लावून जोडू नका, कारण कधी स्नॅप गंजून अडकला तर दोरा सुरीने कापता येतो, कडी कापता येत नाही.

बॅकअपची माळ ५-६ मिमी बंजीची. दोन्ही टोकांना एकेक लहान फास बांधा, माउथपीसच्या बुडाशी, सेकंड स्टेजच्या तोंडावर ते घट्ट बसले पाहिजेत, मग माउथपीस आणि त्याची झिप-टाय. लांबी अशी ठेवायची की रेग्युलेटर हनुवटीच्या अगदी खाली राहील आणि मान खाली घालून हात न लावता तोंडात धरता येईल, पण गळा आवळणार नाही. सैल ठेवू नका, छातीच्या मध्यावर लोंबणारी माळ म्हणजे परत तोच लोंबता ऑक्टो झाला.

सगळं लागलं की टाकीवर चढवा, वॉल्व्ह उघडा, गोड्या पाण्याच्या बादलीत फर्स्ट स्टेज आणि जोड बुडवून बुडबुडे बघा. एसपीजीच्या मानेपाशी बारीक बुडबुडे आले तर आतल्या छोट्या स्पूलचे ओ-रिंग, ०३ नव्हे ००३ नंबरचे, बदलायचे. तिथून डाइव्हमध्ये बारीक गळती सुरू झाली तर घाबरून जायचं कारण नाही, एचपी पोर्टचं भोक मुद्दाम सुईएवढं केलेलं असतं, गॅस हळू जातो, डाइव्ह संपवून शांतपणे वर यायचं. एलपीचा होज फुटला तर मात्र टाकी भराभर रिकामी होते, म्हणून चिरा बघायच्या त्या एलपीवर जास्त बारकाईने.

मधला दाब मोजायचा छोटा गेज मिळतो, इन्फ्लेटरच्या जोडाला लागतो, स्वस्त आहे, घ्याच. वॉल्व्ह उघडून काटा बघा, तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याजवळ थांबला पाहिजे आणि तिथेच राहिला पाहिजे. हळूहळू वर चढत राहिला तर आतली सीट झिजलीये, सर्व्हिसला द्या, डाइव्ह करू नका.

चढवण्याचा क्रम आणि पाण्याआधीची तपासणी

क्रम चुकला तर सगळी मेहनत वाया. आधी प्लेट चढवायची, मग बॅकअपची माळ गळ्यात, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्याच्या वरून, लांब होज. त्याच्यावर काहीही येता कामा नये, ना माळ, ना टॉर्चची वायर, ना इन्फ्लेटर, ना मास्कचा पट्टा. इन्फ्लेटर डाव्या खांद्यावरच्या रबरी पट्टीखालून.

मग उडी मारायच्या आधी दर डाइव्हला, अगदी दर डाइव्हला, तोंडातला रेग्युलेटर हातात घ्या, डोकं थोडं झुकवून होज मानेवरून काढा आणि हात पूर्ण लांब करून समोर द्या, दुसऱ्या हाताने बॅकअप तोंडात, त्यातून दोन-तीन श्वास, गेजवर नजर. श्वास घेताना काटा थरथरला तर वॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. ७ फुटी असेल तर कमरेतून खोचलेला भागही मोकळा करून दाखवा. बडीला, म्हणजे डाइव्हच्या जोडीदाराला, हे बघू द्या.

बडी अनोळखी असेल, आणि आपल्याकडे टुरिस्ट बोटीवर तो बहुतेक वेळा अनोळखीच असतो, तर त्याला साध्या शब्दांत सांगा: दादा, हवा संपली तर माझ्या तोंडातला घ्या, मी गळ्यातला घेईन. डाइव्ह लीडरलाही सांगा. बहुतेकांनी हा सेट पाहिलेला असतो, ज्यांनी पाहिला नसेल त्यांना पिवळा ऑक्टो शोधायची सवय असते, तेव्हा एकदा हाताने दाखवा. आणि पहिले काही डाइव्ह कुठल्यातरी जाणत्या माणसाबरोबर, पाच-सहा मीटरवर, फक्त हवा देण्याघेण्याच्या सरावासाठी ठेवा, स्विमिंग पूल मिळाला तर फारच छान.

ब्रँड ठरवताना

आता इथे ब्रँड. तुमच्या जवळच्या शहरात, किंवा जिथे दरवर्षी जाता त्या डाइव्ह सेंटरवर, कुठल्या कंपनीचा प्रशिक्षित टेक्निशियन आहे आणि त्याच्याकडे किट असतात का हे फोन करून विचारा, आणि उत्तर येईल तोच तुमचा ब्रँड. भाऊ अमेरिकेतून येतोय म्हणून तिथे स्वस्त मिळणारी कुठलीतरी वेगळी कंपनी मागवली आणि मग किटसाठी पुढच्या भावाची वाट बघायची, हे होऊ देऊ नका. दुबई किंवा मस्कतला असाल तर सर्व्हिस सहज मिळते, तिथे निवड मोकळी. जुना रेग्युलेटर घेत असाल तर त्या मॉडेलचे किट अजून निघतात ना हे आधी, किंमत नंतर, आणि सर्व्हिसचा खर्च किंमतीत धरूनच सौदा करा.

सर्व्हिसचा काळ कंपनीप्रमाणे वेगळा, कुणाचा वर्ष, कुणाचा दोन वर्षं किंवा ठराविक डाइव्ह, पुस्तक बघा. दोन वर्षांवाल्यांनाही मध्ये एकदा तपासणी लागते.

धुताना डस्ट कॅप कोरडी करून घट्ट लावा, कोमट गोड्या पाण्यात भिजत ठेवा, आणि टाकीला जोडलेला नसताना पर्ज दाबू नका, दाबलात तर सेकंड स्टेजमधून पाणी होजमध्ये आणि तिथून फर्स्ट स्टेजमध्ये जातं. जमलं तर टाकीला जोडून, दाब ठेवूनच धुवा. सावलीत वाळवा, होजचे मोठे सैल वेढे घालून ठेवा, घट्ट गुंडाळू नका.

कोकणात जून ते सप्टेंबर डायव्हिंग बंद असतं आणि रेग्युलेटर त्या दमट हवेत कपाटात पडून राहतो, माउथपीसला बुरशी धरते. पिशवीत कोंबून ठेवू नका, हवेशीर जागी ठेवा, महिन्यातून एकदा बाहेर काढून बघा. आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्या डाइव्हला निघायच्या आधी मधला दाब मोजा, होज वाकवून चिरा बघा, बंजी नवी घाला, माउथपीस हलकेच ओढून झिप-टायच्या कडेला रबर फाटलंय का ते तपासा.